अंतर ५,५५० किमी, वेग ९००, मग लंडन-न्यूयॉर्कला आठ तास कसे लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडन ते न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किलोमीटर दाखवतंय, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे सरळ भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं, मग तिकिटावर जाताना आठ तास आणि येताना सात तास का लिहिलेत, आणि घड्याळ बघावं तर जाताना तीनच तास गेल्यासारखे दिसतात, हा काय प्रकार आहे?

भागाकार बरोबर आहे तुमचा. चुकलंय एवढंच की अंतर तुम्ही जमिनीवरचं घेतलंत आणि वेग हवेतला घेतलात, आणि या दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढलीत, म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रूट ठरवायचा, इंधन किती लागेल ते काढायचं, हवामान बघायचं आणि मग तो प्लॅन कॅप्टनच्या हातात द्यायचा. त्या टेबलावर "किती किलोमीटर" हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला फारसं आठवत नाही, "किती मिनिटं आणि किती टन" हेच विचारतात.

तरी आधी त्या किलोमीटरचंच बघू, कारण तिथेही गंमत आहे. तुम्हाला जो आकडा दिसतो ते ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधला सगळ्यात छोटा रस्ता. हॅवरसाइन नावाचं सूत्र आहे, अक्षांश-रेखांश टाकायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची, की लंडनचं हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके ५,५४० च्या आसपास येतं. पण पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७, म्हणजे वरखाली जरा चपटी, तो चपटेपणा धरून काढलं की ५,५५५ येतं. म्हणून दोन वेबसाइट दोन आकडे दाखवतात, त्यावरून डोकं खाजवू नका, दोन्ही बरोबर आहेत, फरक पंधरा किलोमीटरचा म्हणजे विमानाला एका मिनिटाचा. आणि हो, विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून त्याचं वर्तुळ मोठं होतं, मग अंतर वाढत असेल ना, असं बरेच जण विचारतात. वाढतं, पण सगळं मिळून दहाएक किलोमीटर. सोडून द्या.

आम्ही स्वतः किलोमीटर वापरतच नाही, नॉटिकल मैल वापरतो, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. हे लफडं उगाच नाहीये, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल, त्यामुळे नकाशावर नुसत्या कंपासपेटीतल्या डिव्हायडरने अंतर मोजता यायचं. लंडन-न्यूयॉर्क जवळजवळ बरोब्बर ३,००० नॉटिकल मैल आहे, लक्षात ठेवायला सोपं.

आता नकाशावर दोन्ही शहरं बघा. लंडन साडेएकावन्न अंश उत्तरेला, न्यूयॉर्क पावणेएक्केचाळीसच्या आसपास, म्हणजे न्यूयॉर्क चांगलंच खाली दक्षिणेला आहे. मग लंडनहून निघालेलं विमान नैर्ऋत्येकडे जायला हवं ना? तर नाही, ग्रेट सर्कलवर निघताना दिशा २८८ अंश येते (सरळ पश्चिम म्हणजे २७०), म्हणजे पश्चिमेच्याही वर, उत्तरेकडे झुकलेली. आधी ते ५३.७ अंशांपर्यंत वर चढतं आणि मग खाली उतरायला लागतं. सीटसमोरच्या स्क्रीनवर ती कमान दिसते आणि लोकांना वाटतं पायलटने द्राविडी प्राणायाम चालवलाय. खरं म्हणजे वाकडा नकाशा आहे, रस्ता सरळच आहे. मर्केटरचा नकाशा १५६९ चा, जहाजांसाठी केलेला, त्यात एकाच कंपास दिशेने जाणारी रेघ सरळ दिसते पण वरचे प्रदेश ताणले जातात. त्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघेने गेलात तर ५,७६० किमी पडतं, म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटर वाया. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, दोरा आपोआप वर सरकतो, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. विमान जमिनीवर धावत नाही, ते हवेत पोहतं, आणि ती हवाच वाहत असते. तुमचे ते ९०० म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत वेग. ३७,००० फुटांवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमी, आणि मोठी विमानं त्याच्या ०.८५ पट म्हणजे साधारण ९०० ने जातात. हवा स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे दीडशेने वाहत असेल तर न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग ७५०, परत येताना १,०५०. वाहत्या नदीत होडी घालण्याचं शाळेतलं गणित आहे हे, दुसरं काही नाही. ५,५५० ला ७५० ने भागा, सात तास चोवीस मिनिटं. १,०५० ने भागा, पाच तास सतरा मिनिटं.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघा. लोक म्हणतात जाताना वारा खातो, येताना देतो, फिट्टंफाट. फिट्टंफाट होत नाही. वाऱ्याशिवाय जाऊन-येऊन बारा तास वीस मिनिटं, वाऱ्यासकट बारा तास एक्केचाळीस. तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि पाठीवरच्या वाऱ्यात कमी वेळ असता, म्हणून तोटा फायद्यापेक्षा नेहमीच मोठा. इंधनाच्या हिशोबात ही एकवीस मिनिटं रोज, प्रत्येक फेरीला मोजावी लागतात.

या वाऱ्याचं नाव जेट स्ट्रीम. उष्ण प्रदेशाची हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा जिथे भिडते तिथे वरच्या थरात हा वाऱ्याचा पट्टा तयार होतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो पूर्वेकडे वळतो. थंडीत तापमानातला फरक जास्त म्हणून वारा जोरात, उन्हाळ्यात मरगळलेला. हा वारा पद्धतशीर मोजला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून. त्यांनी निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत, जगभरच्या लोकांना वाचता यावेत म्हणून, आणि झालं उलटंच, बाहेर फारसं कोणी वाचलंच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानकडे जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांना तोच वारा आडवा आला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

आणि हे पण एकदाचं सांगून टाकतो कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला न्यूयॉर्क आपणहून समोर येऊन लवकर पोहोचायला हवं ना? अहो, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमानही उडायच्या आधीपासून फिरतच असतं. तसं नसतं तर जमिनीवर उभं राहिल्यावर ताशी हजार किलोमीटरचा वारा तोंडावर आला असता.

वारा किती देऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२०, अटलांटिकवर किआरा वादळ होतं, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या प्रवासी विमानांचा विक्रम म्हणून ते तेव्हा गाजलं. जमिनीवरचा वेग मधे ताशी १,३०० च्या पुढे गेला होता, आणि लगेच मेसेज फिरायला लागले की विमानाने आवाजाचा वेग ओलांडला. नाही ओलांडला, हवेतला वेग नेहमीचाच होता, बाकीचं सगळं वाऱ्याचं देणं. खरोखर आवाजाच्या पुढे जायचं ते काँकॉर्ड, ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. काँकॉर्डची गंमत अशी की ते इतक्या वरून जायचं, पन्नास-साठ हजार फुटांवरून, की तिथे वारा फारसा त्रास देत नाही, म्हणून त्याचे मार्ग कायमचे ठरलेले होते, बाकी सगळ्यांचे रोज बदलायचे आणि अजून बदलतात.

ते रोज बदलणारे मार्ग म्हणजे नॉर्थ अटलांटिक ट्रॅक्स. समुद्रावरची हवाई वाहतूक सांभाळणारी दोन केंद्रं आहेत, अलीकडे आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूला शॅनविक कंट्रोल, पलीकडे कॅनडात न्यूफाउंडलंडला गँडर. शॅनविक हे कुठलं गाव नाही हां, शॅनन आणि प्रेस्टविक जोडून केलेलं नाव आहे. युरोपहून दिवसा पश्चिमेला विमानांची रांग लागते, तिचे ट्रॅक शॅनविक काढतं, रात्री अमेरिकेहून पूर्वेला येणाऱ्यांचे गँडर काढतं. पश्चिमेला जाणाऱ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, येणाऱ्यांना झेडकडून उलटी. वारा बघून हे पट्टे रोज वर-खाली सरकतात, पश्चिमेला जाणारे ट्रॅक जेट स्ट्रीम चुकवून आखलेले आणि येणारे ट्रॅक तिच्या पाठीवर बसवलेले. म्हणजे एकाच दोन शहरांमधला रस्ता सोमवारी ग्रीनलंडच्या बाजूने आणि गुरुवारी बराच खालून असू शकतो. मार्च २०२२ पासून ३३,००० फूट आणि त्याखाली हे ट्रॅक काढून टाकले, तिथे आता ज्याने त्याने आपला मार्ग निवडायचा. समुद्रावर रडार पोहोचत नाही, पूर्वी पायलट दर दहा रेखांशांना रेडिओवर जागा सांगायचे, त्यामुळे दोन विमानांत भरपूर जागा सोडायला लागायची. २०१९ पासून सॅटेलाइटवरून विमानाची जागा दिसायला लागली तसं ते अंतर खूप कमी झालं आणि हवा तो मार्ग, हवी ती उंची मिळायचं प्रमाण वाढलं.

एक रात्र डोळ्यासमोर आहे माझ्या. जानेवारी, न्यूयॉर्कहून लंडन, माझ्याबरोबर नवीन पोरगा होता ट्रेनिंगला, हुशार. सॉफ्टवेअरने दोन प्लॅन काढले. पहिला ग्रेट सर्कलला जवळजवळ चिकटून, ५,६०० किमी. दुसरा भरपूर खालून वळसा घेऊन, ५,८५०. पोराने अर्थात पहिल्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं अंतराचा रकाना झाक आणि परत बघ. वरच्या रस्त्यावर सरासरी टेलविंड, म्हणजे पाठीवरचा वारा, ताशी साठ, खालच्यावर एकशेऐंशी. पहिला पाच तास पन्नास, दुसरा पाच तास पंचवीस. अडीचशे किलोमीटर जास्त उडून पंचवीस मिनिटं आधी, आणि त्या विमानाला पंचवीस मिनिटं म्हणजे अडीच टनांच्या घरात इंधन. तो म्हणाला सर मग लांबचा रस्ता जवळचा झाला की. आमच्याकडे याला एअर डिस्टन्स म्हणतात, हवेतून किती मैल कापले ते, आणि त्या हिशोबाने वळशाचा रस्ता खरोखरच छोटा होता. हवेतला ९०० चा वेग धरला तर पहिल्याचं हवेतलं अंतर ५,२५० भरतं, दुसऱ्याचं ४,८७५. जमिनीवरचं अंतर प्लॅनच्या कागदावर छापलेलं असतं पण निर्णय घेताना त्याच्याकडे कोणी बघत नाही.

त्यातही एक मेख आहे. जेट स्ट्रीमच्या काठावर वाऱ्याचा वेग एकदम बदलतो आणि तिथेच स्वच्छ आकाशात धक्के बसतात, ज्याला क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात, ढग नसल्यामुळे वेदर रडारला दिसत नाही. मग कधी कधी सगळ्यात वेगवान ट्रॅक सोडून दहा मिनिटं जास्तीची घ्यावी लागतात. मी स्वतः दहा मिनिटं देऊन टाकायचो, प्रवासी रात्रभर बेल्ट लावून बसण्यापेक्षा ते बरं. सगळे डिस्पॅचर असं करत नाहीत, खर्चाचा दबाव असतो.

आता तुमच्या तिकिटावरचे आठ आणि सात. ते उड्डाणाचे तास नाहीतच, ते ब्लॉक टाइम आहेत, म्हणजे गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंत. जाताना उदाहरणार्थ मार्ग ५,७०० किमीचा मिळाला आणि सरासरी वारा शंभरचा तोंडावर, तर आठशेने सात तास आठ मिनिटं. वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची बारा मिनिटं धरा. हीथ्रोवर टॅक्सी, म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत विमानाने जमिनीवरून जायचं, वीस मिनिटं, तिकडे उतरल्यावर दहा. झाले सात तास पन्नास. वर दहा मिनिटं कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली, वेळेवर पोहोचल्याचे आकडे चांगले दिसावेत म्हणून. येताना नव्वदचा वारा पाठीवर धरला तर पावणेसहा तास, अधिक बारा, जेएफकेला संध्याकाळी अर्धा तास टॅक्सीच्या रांगेत सहज जातो, लंडनला पहाटे सगळ्यांची एकदम गर्दी, त्यामुळे वर घिरट्या घालायची दहा मिनिटं, टॅक्सी दहा, आणि परत तीच कंपनीची उशी. आले सात तास. म्हणूनच "आज अर्धा तास लवकर आलो" अशी घोषणा होते तेव्हा मला हसू येतं, बऱ्याचदा तो अर्धा तास वेळापत्रकातच लपवलेला असतो. आणि फार लवकर येऊनही उपयोग नसतो, गेट रिकामं नसेल तर बाहेर उभं राहा.

विमान कुठलं यावरही फरक पडतो. ७८७ आणि ए३५० मॅक ०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने जातात, ७७७ ०.८४, ए३३० ०.८२, आणि आता अटलांटिकवर दिसणारी छोटी ए३२१ ०.७८ च्या आसपास. ०.८५ आणि ०.७८ मधे लंडन-न्यूयॉर्कला अर्ध्या तासाहून जास्त फरक पडतो, वारा शून्य धरला तरी. पायलटने जरा जोरात पळवलं तर? पळवता येतं थोडंफार, पण वेग जरा वाढवला की इंधन झपाट्याने जास्त जळतं, त्यासाठी आम्ही कॉस्ट इंडेक्स नावाचा आकडा टाकतो, वेळेची किंमत भागिले इंधनाची किंमत. शून्य टाकला तर विमान फक्त इंधन वाचवत रमतगमत जातं, आकडा वाढवला की पळतं. मग जास्त इंधन भरून ठेवायचं म्हणाल, तर ते वाहून न्यायलाही इंधनच लागतं, ढोबळमानाने जास्तीच्या वजनाचे तीनएक टक्के दर तासाला जळून जातात. लांबच्या फ्लाइटला कॅप्टनने जास्तीच्या मागितलेल्या दोन टनांतला बराचसा भाग उतरायच्या आधीच खलास.

समुद्र मधे असल्याचा आणखी एक परिणाम, इंजिन बंद पडलं तर कुठे उतरणार. दोन इंजिनांच्या विमानांना पूर्वी जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांच्या आत राहायला लागायचं, त्यामुळे अटलांटिकवर वाकडेतिकडे जावं लागे. १९८५ ला १२० मिनिटांची परवानगी मिळाली, १९८८ ला १८०, यालाच ईटॉप्स म्हणतात. त्यानंतर दोन इंजिनांची विमानं जवळजवळ सरळ जायला लागली आणि चार इंजिनांची हळूहळू मागे पडली. कुठे उतरायचं म्हटलं तर शॅनन, केफ्लाविक, गूस बे, गँडर, खाली अझोर्समधलं लाजेस, ही नावं डिस्पॅचरला झोपेतही पाठ असतात, रोज त्यांचं हवामान बघायचं.

इथे परत तोच वारा येतो. ५,५५० किमीचा अर्धा रस्ता २,७७५ वर, मग तिथवर काही झालं तर मागे फिरायचं आणि पुढे काही झालं तर पुढेच जायचं, असं वाटतं ना? पण मागे फिरलं की तोच वारा पाठीवर येतो. मघाचे ७५० आणि १,०५० धरा, पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागेल अशी जागा ३,२४० किमीवर येते, म्हणजे अर्ध्याच्या साडेचारशे किलोमीटर पुढे. (इंजिन बंद पडल्यावरचा वेग आणि उंची वेगळी असते, मी इथे सोपं करून सांगतोय.) प्रवासी नकाशात बघतो की न्यूयॉर्क जवळ आलं, आणि कॅप्टनच्या कागदावर मात्र अजून "मागे फिर" असं लिहिलेलं असतं.

घड्याळाचं आता पटकन. लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे. सकाळी ११ ला निघालात, तिकडे दुपारी २ ला पोहोचलात, घड्याळात तीन तास अधिक पाच म्हणजे आठ. संध्याकाळी ७ ला निघून लंडनला सकाळी ७, बारा वजा पाच, सात. काँकॉर्ड तर लंडनहून साडेदहाला निघून न्यूयॉर्कला साडेनऊच्या सुमाराला उतरायचं, निघायच्या आधी पोहोचल्यासारखं. पण पाच तास बाराही महिने नसतात, इथेच लोक फसतात. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, मधल्या काळात फरक चारच तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत परत चार. मी आयुष्यभर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर काम केलं आणि एकदा मार्चच्या मध्यात स्वतः प्रवासी म्हणून जाताना मित्राला तोंडी हिशोब करून दोन वाजता ये म्हणून सांगितलं, तिकिटावर तीन छापलेले होते ते बघायचं कशाला, आपण तज्ज्ञ ना. तो तासभर ताटकळला आणि अजून ऐकवतो.

पॅसिफिकवर सगळं हेच, पण मोठ्या आकारात. टोकियो ते लॉस एंजेलिस साधारण ८,८०० किमी, जाताना वारा पाठीवर म्हणून दहा तासांच्या आसपास, परत टोकियोला येताना दीड-दोन तास जास्त. मधे तारखेची रेषा, त्यामुळे टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेला माणूस लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी अकराच्या आधी-नंतर उतरतो, आणि परत जाताना एक अख्खा दिवस गायब. लॉस एंजेलिस-सिडनी १२,००० किमी, जाताना पंधरा तास, येताना दीडएक तास कमी. तिथे मार्ग विषुववृत्त ओलांडतो, मधल्या पट्ट्यात जेट स्ट्रीम नसते, म्हणून अंतर लंडन-न्यूयॉर्कच्या दुप्पट असूनही फरक त्या मानाने कमी. सिडनी-सँटियागो आणि सिडनी-जोहान्सबर्ग हे मार्ग खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतात, तिथे उतरायला जागा जवळजवळ नाहीत. जोहान्सबर्गच्या मार्गावर तर जानेवारी २०२५ मधे स्पेसएक्सच्या रॉकेटचे अवशेष हिंदी महासागरात पडणार म्हणून क्वांटासला फ्लाइट थांबवून ठेवाव्या लागल्या होत्या, आता हेही बघायचं आलं.

तुम्हाला स्वतःला अंदाज काढायचा असेल, कुठल्याही दोन शहरांचा, तर ग्रेट सर्कल अंतर घ्या, त्यात तीन-चार टक्के वळशाचे वाढवा, ९०० ने भागा, चढ-उतार आणि टॅक्सी मिळून पाऊण तास घाला. मग मार्ग मधल्या अक्षांशांतून पूर्व-पश्चिम असेल तर पश्चिमेला जाताना दर सहा तासांमागे पाऊण तास वाढवा, पूर्वेला जाताना अर्धा तास कमी करा, थंडीत याहून थोडं जास्त, उन्हाळ्यात कमी. उत्तर-दक्षिण मार्गाला हे लावू नका, तिथे वारा आडवा असतो. तुमच्या लंडन-न्यूयॉर्कला लावून बघा, जाताना पावणेआठ ते आठ येतं आणि येताना साडेसहा ते सात.

आणि पुढे कनेक्शन पकडायचं असेल तर हा अंदाजही नको. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर त्याच नंबरच्या फ्लाइटचे गेले दहा दिवस उघडा, ती खरोखर किती वाजता उतरली ते बघा, सगळ्यात वाईट दिवस सोडून द्या आणि त्याच्या आधीचा दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस घेऊन हिशोब करा. तिथे बऱ्याचदा दिसते ती उतरल्याची वेळ, गेटला लागल्याची नाही, त्यामुळे वर पंधरा मिनिटं धरायला विसरू नका.